मापाची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवीला रेडिओवर बोलावतात तेव्हा बहुधा पावसावर नाहीतर मातृभाषेवर बोलायला सांगतात. या वेळी ‘डोळ्यांसमोर बदललेला एक धंदा’ असा विषय आला आणि मी लगेच होकार दिला. मला इंजिनातलं काही येत नाही. म्हणजे हाताने काही येत नाही. पण गेली पंचवीसहून जास्त वर्षं रोज संध्याकाळी तासभर मी इंजिनच्या एका वर्कशॉपमध्ये बसतो. नोकरीने मी कारकून, मराठी घेऊन बी.ए. झालेला, त्यामुळे माझं अक्षर चांगलं असा नात्यागोत्यात समज आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं रिबोअरिंगचं वर्कशॉप. आम्ही त्यांना दुल्हेभाई म्हणतो, कामगार आणि गिऱ्हाइकं वस्ताद म्हणतात. त्यांच्या हिशेबाची वही मी लिहितो. धंदा बदलला तो मी आधी त्या वहीत पाहिला.

रिबोअरिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होत राहतो. वर्षानुवर्षांच्या घासण्याने सिलिंडर झिजतो आणि झिजतो तोही सगळीकडे सारखा नाही. वरच्या भागात जास्त, खाली कमी, आणि गोलाचा हळूहळू अंडाकार होतो. मग इंजिन तेल पितं, धूर मारतं, चढावर दम सोडतं. अशा वेळी ब्लॉक सोडवून आणायचा, मशिनवर चढवायचा, आतून पुन्हा गोल आणि सरळ कापायचा, होनिंग करायचं आणि एक नंबर मोठा पिस्टन बसवायचा. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक अशा पायऱ्यांनी मोठे पिस्टन मिळतात. शेवटची पायरी झाली की त्या भोकात कापायला फारसं उरत नाही. मग नवा लायनर घालायचा. दुल्हेभाई म्हणायचे, “इंजिनाला चार जल्म असत्यात. पाचव्याला आई बदलायची.”

कोल्हापूर आणि इंजिन हे नातं जुनं आहे. मोटेची जागा ऑइल इंजिनने घेतली तेव्हा नदीकाठच्या उसाला पाणी देणारी इंजिनं इथल्याच फौंड्र्यांत ओतली जात आणि इथल्याच लेथवर घडत. पुढे खेडोपाडी वीज गेली, विजेच्या मोटारी आल्या आणि ऑइल इंजिनचा बाजार बसला. उद्यमनगर बसलं नाही. फौंड्र्या मोटारगाड्यांच्या कास्टिंगकडे वळल्या, आणि आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या वसाहतींतून देशभरातल्या वाहन कंपन्यांना माल जातो. एक काम सोडून दुसरं धरणं या गावाला नवं नाही. फक्त ते करताना घरात काय होतं, हे उद्योगांच्या इतिहासात कुणी लिहीत नाही.

दुल्हेभाईंच्या जुन्या वह्यांत गावांची नावं आहेत. ‘शिरोळ, पाच एचपी, लायनर.’ ‘बिद्री, जीप, चार बोअर.’ ‘कागल, ट्रॅक्टर, हेड फेसिंग.’ माणसांची नावं क्वचित. ते माणसाला गावावरून ओळखत. महिन्याला चाळीस-पन्नास ओळी सहज भरायच्या. उधारीचा रकाना वेगळा होता आणि तो उसाचं बिल आलं की मिटायचा.

२०१० नंतर त्या ओळी विरळ होऊ लागल्या. गंमत अशी की कारण चांगलं होतं. इंजिनं टिकू लागली. तेल सुधारलं, गाळण्या सुधारल्या. काही मोटारसायकलींच्या सिलिंडरला आतून इतका कठीण लेप येऊ लागला की तो बोअर करताच येत नाही. खराब झाला की बदलायचा. कंपन्या सिलिंडर, पिस्टन आणि रिंगा असं तयार किट खोक्यात घालून देऊ लागल्या. गॅरेजवाला खोकं फोडतो, जुनं काढतो, नवं बसवतो. दोन तासांत गाडी रस्त्यावर. मधला बोअरिंगवाला कुणाला हवा? एका महिन्यात मी वहीत अकरा ओळी लिहिल्या. वर्कशॉपात माणसं पाच होती.

माझा भाचा डिप्लोमा करून पुण्याकडे एका कारखान्यात लागला होता. २०१५ साली बकरी ईदला घरी आला तो परत गेला नाही. जेवणं झाल्यावर म्हणाला, “अब्बा, दुरुस्ती हळूहळू बंद करू. शर्यतीची इंजिनं बांधू.”

दुल्हेभाई पान लावत होते. म्हणाले, “शर्यत? ती तर कोर्टानं बंद केलीया.”

बैलगाडा शर्यतींवर सुप्रीम कोर्टाने २०१४ साली बंदी घातली होती, आणि आमच्याकडे शर्यत म्हटलं की आधी बैल डोळ्यांपुढे येतो. (त्यांना पुढे डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली.) सगळे हसले. पण पोरगा हसला नाही, आणि माझ्या बहिणीच्या ते लक्षात आलं.

त्याचं म्हणणं असं होतं. किटच्या खोक्याशी आपण स्पर्धा करू शकत नाही. खोकं नेहमी स्वस्त पडणार. पण जे खोक्यात मिळत नाही ते काम आपल्याकडे आलं तर? मोटारसायकलींच्या मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती होतात, रॅली होतात. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या शर्यती झाल्या. दक्षिणेत चेन्नईजवळ आणि कोइमतूरला कायमचे ट्रॅक आहेत. त्या गाड्यांची इंजिनं कुणीतरी बांधतंच. चांगली बांधणारी माणसं थोडी. आपल्याकडे बोअरिंग मशिन आहे, होनिंग आहे, लेथ आहे आणि तीस वर्षांचा हात आहे.

दुल्हेभाईंनी एकच प्रश्न विचारला. “ते इंजिन चालंल किती?”

“एक मोसम. मधी दोनदा उघडायचं.”

“बस?” दुल्हेभाई म्हणाले. “मी पाणी उपसायचं इंजिन वीस वर्सं चालवून दिलंय.”

या एका शब्दात, ‘बस’ या शब्दात, पुढची दोन वर्षं अडकून पडली. मी दोघांकडचा. मेव्हण्याच्या वहीचा कारकून आणि भाच्याचा मामू. त्यामुळे दोघेही आपापली बाजू मलाच सांगत.

ऐकून ऐकून मला फरक कळला तो असा. दुरुस्ती करणारा मिस्त्री कंपनीने ठरवलेल्या मापाकडे परत जातो. ते माप विचार करून ठरवलेलं असतं: तेल साधं मिळेल, रस्ता खराब असेल, मालक निष्काळजी असेल, तरी गाडी चालली पाहिजे. म्हणून कंपनी प्रत्येक ठिकाणी थोडी सैल जागा ठेवते. शर्यतीचं इंजिन बांधणारा ती सैल जागा काढून घेतो. ताकद कुठून बाहेरून येत नाही. ती आयुष्यातून कापून घ्यावी लागते. आणि कापताना इंजिन फुटलं तर ‘कंपनीचं माप असं होतं’ म्हणायची सोय राहत नाही. माप आपलं, जबाबदारी आपली.

मी हे दुल्हेभाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी ते माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. आमच्या गल्लीच्या तोंडाला तालीम आहे. तिकडे हात करून म्हणाले, “म्हंजे पैलवान. खुराक दुप्पट, मेहनत दुप्पट आनि तिशी-पस्तिशीला मैदान बंद.” त्यांच्या आवाजात तक्रार होती, पण पैलवानाबद्दल कोल्हापुरात कुणी वाईट बोलत नाही. तिथून ते थोडे नरमले असावेत.

भाच्याने वर्कशॉपच्या भिंतीवर एका जपानी माणसाचा फोटो लावला होता. हिदेओ योशिमुरा. या माणसाची कथा मी त्याच्याकडून ऐकली आणि मग स्वतःही वाचली. १९२२ साली फुकुओका इथे जन्म. पोरवयात नौदलाच्या वैमानिकी शिक्षणात गेला, पॅराशूटच्या उडीत जखमी झाला, म्हणून वैमानिक न होता विमानाचा इंजिनिअर झाला. युद्ध हरल्यावर १९५४ साली त्याने फुकुओकात मोटारसायकल दुरुस्तीचं छोटं दुकान काढलं. घरच्यांच्या मदतीने चालणारं, आपल्याकडे कोपऱ्यावर असतं तसं. जवळ अमेरिकी हवाई दलाचा तळ होता. तिथली पोरं मोटारसायकली पळवायची आणि हा माणूस त्यांची इंजिनं घासूनपुसून वेगवान करून द्यायचा. त्या अमेरिकी पोरांनीच त्याला ‘पॉप’ हे नाव दिलं, म्हणजे बाबा. आपल्याकडे वस्ताद म्हणतात तसंच.

पुढे तो टोकियोजवळ गेला आणि फक्त शर्यतीच्या इंजिनांवर काम करू लागला. कॅम नावाचा जो भाग झडपा उघडतो, तो स्वतःच्या हाताने घासून आकाराला आणायचा. १९७१ साली त्याने चार सिलिंडरच्या चार नळ्या एकाच सायलेन्सरमध्ये आणल्या; वजन कमी झालं आणि ताकद वाढली. आज रस्त्यावरच्या चार सिलिंडरच्या मोटारसायकलींत ही रचना सर्रास दिसते. मग अमेरिकेत धंदा काढला. पहिल्यांदा तो हातचा गेला, तो पुन्हा उभा केला. आणि १९७८ साली जपानमधल्या सुझुका इथे आठ तासांची शर्यत पहिल्यांदाच झाली तेव्हा सुझुकीच्या गाडीत बांधलेल्या त्याच्या इंजिनाने होंडाच्या कारखान्याच्या खास संघाला हरवलं. आठ तास! ‘शर्यतीचं इंजिन टिकत नाही’ या म्हणण्याला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. मुलगा त्याच धंद्यात, मुलगीही त्याच कामात वाढलेली आणि जावई मोरिवाकी यांनी १९७३ साली स्वतःची वेगळी कंपनी काढली. १९९५ साली योशिमुरा वारले. हे सगळं मी दुल्हेभाईंना सांगितलं तेव्हा त्यांना आठ तासांपेक्षा जावयाचं जास्त कौतुक वाटलं.

तर २०१७ साली वर्कशॉपच्या दारावर ‘दुरुस्तीची कामे बंद’ अशी पाटी लागली, आणि माझी वही बदलली.

भाच्याने मला मोठी, आडव्या पानांची वही आणून दिली. म्हणाला, “मामू, आता हिशेब नाही, माप लिहायचं. एका इंजिनाला एक पान.” रकाने त्याने आखून दिले. बोअर किती, तो वर, मध्ये, खाली. उभा आणि आडवा, म्हणजे सहा मापं. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट. रिंगांची फट. हेडमधली पोकळी किती घनसेंटिमीटर. झडप कधी उघडते, कधी मिटते, किती उचलली जाते. प्लग कोणता, कार्ब्युरेटरचा जेट कोणता.

ही पोकळी मोजण्याची रीत मला फार आवडते. हेड उलटं ठेवायचं, त्यावर भोक पाडलेली पारदर्शक काच बसवायची आणि शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसल्या ब्युरेटमधून थेंब थेंब पातळ तेल सोडायचं. पोकळी भरली की ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. समजा दीडशे सीसीचं इंजिन आहे आणि पोकळी साधारण पावणेसतरा घनसेंटिमीटर आहे, तर मिश्रण दहापट दाबलं जातं. हेड घासून तीच पोकळी पंधरावर आणली की अकरापट. दोन घनसेंटिमीटरही नाही, लहान चमचाभरही नाही. तेवढ्याने इंजिनाचा स्वभाव बदलतो, आणि पेट्रोल साधं असेल तर पिस्टनला भोकही पडू शकतं.

दुल्हेभाई जन्मभर बोटाने आणि कानाने काम करत आले. सिलिंडरमधून बोट फिरवून “अजून एक हात होनिंग मार” म्हणायचे आणि ते बरोबर असायचं. ते आधी या ब्युरेटला ‘दवाखाना’ म्हणत. पोराला त्यांच्या बोटावर विश्वास नव्हता असं नाही. त्याची अडचण वेगळी होती. बोटाला जे कळतं ते दुसऱ्या इंजिनाला सांगता येत नाही. आणि गती वाढली की चूक माफ होत नाही. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला तीनशेहून जास्त वेळा दिशा बदलतो. गती सव्वापट केली तर ताण सव्वापट होत नाही, दीडपटीच्या वर जातो. हे त्याने मला पाटीवर काढून दाखवलं. मी मान डोलावली. वृत्तात एक मात्रा वाढली तर ओळ अडखळते एवढंच मला माहीत होतं. इथे मात्रा वाढली तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो.

पहिलं इंजिन फसलं. आरएक्स १०० ही टू-स्ट्रोक गाडी श्रोत्यांपैकी अनेकांनी चालवली असेल. १९८५ ते १९९६ या काळात ती आपल्याकडे बनली आणि अजून पोरं तिच्यावर जीव टाकतात. तिचं इंजिन बांधलं, भर दुपारी पळवून जेट ठरवला, सगळं झकास. शर्यत डिसेंबरात सकाळी लवकर होती. तिसऱ्या फेरीला इंजिन जाम.

वर्कशॉपात आणून उघडलं. एग्झॉस्टच्या बाजूने पिस्टन ओरखडलेला. भाचा वहीचं पान समोर धरून बसला. सगळी मापं बरोबर होती. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला: दुपारची हवा तापलेली आणि विरळ, सकाळची गार आणि दाट. तोच जेट, पण हवा जास्त. म्हणजे पेट्रोल कमी पडलं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणही पेट्रोलबरोबरच येतं. उष्णता वाढली आणि तेलही आटलं. त्याने माझ्याकडून पेन घेतलं आणि वहीत स्वतःच्या हाताने एक नवा रकाना आखला: ‘हवा’. तेव्हापासून प्रत्येक चाचणीला तारीख, वेळ आणि तापमान लिहितो. आता मी लिहिलेल्या त्या वहीत ‘पहाट, गार, धुकं’ असे शब्द आहेत. माझ्या कवितासंग्रहापेक्षा ती वही जास्त लोकांनी उलटून पाहिली असेल.

पैशाचं सांगतो, कारण खरी ओढाताण तिथेच झाली. दुरुस्तीत गिऱ्हाईक भागाचे पैसे देतं: पिस्टन इतक्याचा, बोअरिंग इतकं. इथे मुख्य खर्च वेळेचा. एक हेड घासायला तीन दिवस जातात आणि तीन दिवसांनी दिसायला काहीच नवं नसतं. “नुसतं उघडून मोजायचे पैसे?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की तो दाराच्या पाटीवरच लिहून टाकावा असं वाटायचं. शिवाय पूर्वी महिन्याला चाळीस लहान कामं होती. दोघांनी बुडवले तरी चालायचं. आता महिन्याला तीन. एकाने बुडवले की महिना बुडाला. म्हणून निम्मे पैसे आधी हा नियम केला. दुल्हेभाईंना तो फार लागला. आयुष्यभर त्यांनी उसाच्या बिलापर्यंत थांबून माणसं जोडली होती. आपल्या दारात कुणी आधी पैसे मोजून ठेवतोय हे बघायला लागू नये म्हणून ते त्या वेळी चहाला जायचे.

आणि माणसं गेली. पाचांतली तीन. कुणाला काढलं नाही, पण काम उरलं नाही. एकाने रिक्षांचं गॅरेज टाकलं, एक कास्टिंगच्या कारखान्यात लागला, एक गावी शेतीला गेला. तो तिसरा होनिंगमध्ये दुल्हेभाईंच्या तोडीचा होता. त्याच्यासारखा हात असलेला माणूस नेमका आता हवा होता. पण तेव्हा त्याला पगार देता आला नाही. ‘विशेष कामाकडे वळलो’ असं म्हणताना छाती फुगते, पण त्यात ही गळतीही असते.

आणखी एक पैसा सहज मिळाला असता, तो घेतला नाही. पाटी लागल्यावर गल्लीबोळातली पोरं येऊ लागली. त्यांना वेग नको होता, आवाज हवा होता. सायलेन्सर पोकळ करून द्या, फटाके वाजले पाहिजेत. रोख पैसे, आजच्या आज. मी या प्रकाराचा वैरी आहे. रात्री अकराला आमच्या गल्लीतून तसली गाडी गेली की तान्ही पोरं दचकून उठतात. पण भाच्याने नकार दिला तो माझ्यासाठी नव्हे. त्याचं म्हणणं, रस्त्यावरच्या गाडीला हात लावायचा नाही. शर्यतीची गाडी टेम्पोतून येईल आणि टेम्पोतून जाईल. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार नोंदणी झालेल्या गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. पोरं चिडून गेली आणि दुसरीकडे काम करून घेऊन आमच्याच दारावरून फटाके वाजवत गेली. दुल्हेभाईंनी त्या दिवशी प्रथमच पोराच्या पाठीवर हात ठेवला.

मग ऑगस्ट २०१९ आला. त्या वर्षीचा पंचगंगेचा पूर ऐकणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. शिरोळ तालुका पाण्यात, पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद. पाणी उतरलं आणि बुडालेली इंजिनं वर आली. पंपाची, ट्रॅक्टरची, मोटारसायकलींची. गॅरेजवाल्यांकडे रांगा, किट कुठे शिल्लक नाहीत; आणि जुन्या इंजिनांचं किट तर मुळातच मिळत नाही.

एका सकाळी वर्कशॉपसमोर टेम्पो थांबला. चिखलाने माखलेली दोन इंजिनं आणि एक म्हातारे शेतकरी. त्यांनी पाटी वाचली आणि तरीही आत येऊन विचारलं, “वस्ताद हायत का?”

बाकावर दोन शर्यतीची इंजिनं उघडी होती, सप्टेंबरच्या तारखांची. दुल्हेभाई काही बोलले नाहीत. मुलाकडे बघितलंही नाही. भाच्याने उघड्या भागांवर कापड टाकलं, एकेक भाग कपाटात ठेवला आणि म्हणाला, “उतरवा.”

बुडालेल्या इंजिनात पहिली चूक होते ती हँडल मारण्याची. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवलं तर रॉड वाकतो. आधी प्लग किंवा नोझल काढायचा, पाणी बाहेर काढायचं. तेल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं बाहेर येतं. ते सगळं टाकून डिझेलने धुवायचं, उघडायचं, गंज बसायच्या आत पुसायचं. बापलेक साडेतीन आठवडे हेच करत होते. गावी शेतीला गेलेला तो होनिंगवाला न बोलावता आला, कारण त्याचीही शेती पाण्यात होती.

भाचा सवयीने प्रत्येकाचं माप घेत होता आणि मी सवयीने लिहीत होतो. एका शेतकऱ्याने विचारलं, “पाच एचपीला एवढी डॉक्टरकी कशाला?” पण त्याच मोजण्यातून चार इंजिनांचे रॉड केसभर वाकलेले सापडले. डोळ्यांना दिसले नसते, बोटालाही कळले नसते; तसेच बसवले असते तर महिन्याभरात सिलिंडर एका बाजूने खाल्ला असता. दुल्हेभाईंनी डायल गेज त्या दिवशी स्वतः हातात घेतला. चष्मा कपाळावर चढवून काटा वाचला, पुन्हा वाचला आणि मला आकडा सांगितला. मी लिहिला. ‘दवाखाना’ हा शब्द नंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

शर्यतीच्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक थांबला. दुसऱ्याने पैसे परत मागितले आणि ते परत केले. तो पुन्हा आला नाही. त्या वर्षाचा हिशेब मी मांडला तेव्हा तोटा होता. पुढच्याच वर्षी लॉकडाउन, शर्यती बंद. बहिणीने दोन बांगड्या मोडल्या. हे मला फार उशिरा कळलं.

आज काम आहे. पुण्याहून, बेंगळुरूहून इंजिनं येतात. जुन्या आरएक्स जतन करणारे हौशी लोक येतात. त्यांना शर्यत नको, पण माप हवं असतं. दारावरची पाटी बदलली: गुरुवारी दुरुस्ती. तो दिवस दुल्हेभाईंचा. त्यात पैसे फारसे नाहीत, कधी कधी दिवसभर कुणी येतही नाही, पण शटर ते स्वतः उघडतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली, त्यामुळे भाचा जेटऐवजी लॅपटॉपवर आकडे बदलायला शिकला. माझ्या वहीत त्याचे छापील कागद चिकटवावे लागतात. बहीण अधूनमधून विचारते, सगळ्या गाड्या विजेवर गेल्या की तुम्ही काय बांधणार? तिला अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. मोटेनंतर इंजिन आलं, इंजिनानंतर मोटार आली, तेव्हा उद्यमनगरातल्या बायकांनीही हे विचारलं असणार.

मापाची तिसरी वही भरत आली आहे, पानं सहा उरलीत. नवी आणायची तर रकाने पुन्हा आखायचे. या वेळी एक रकाना दुल्हेभाईंनी सांगितला आहे. इंजिन परत उघडायला आलं की आधी ते किती तास चाललं ते लिहायचं. मी त्याला ‘तास’ असं नाव देणार होतो. ते म्हणाले, “तास नको. ‘किती चाललं’ असं लिही.”